चौकटीमागच्या दोन ओळी

मी, थर्झा मेहिटाबेल पेनिमन, कै. जोसाया पेनिमन यांची मुलगी, अविवाहित, वय एकोणसाठ, राहणार चर्च स्ट्रीट, हार्टफर्ड, कनेटिकट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे हृदय कमजोर झाले आहे असे डॉक्टर सायलस बीच म्हणतात आणि डोके कमजोर झाले आहे असे माझा थोरला भाऊ ऑर्विल म्हणतो. पहिले खरे आहे. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग मात्र पुष्कळ आहे, आणि रागावलेल्या बाईचे मृत्युपत्र कायद्याने चालते हे मी आमचे वकील श्री. हायरम ग्रिस्वोल्ड यांना विचारून घेतले आहे. याची अंमलबजावणीही त्यांनीच करायची. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते ऑर्विलने सांगितले आणि मी उतरवून घेतले होते.

कलम १. मला आईच्या डाव्या बाजूला पुरावे. उजवीकडे वडील आहेत. दगडावर फक्त नाव आणि साल घालावे. 'आज्ञाधारक कन्या' असे काही ऑर्विल कोरायला निघाला तर ग्रिस्वोल्ड यांनी दगड परत पाठवावा आणि पाथरवटाला त्याचे पैसे माझ्या ठेवीतून द्यावेत, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

कलम २. राहते घर माझे नाही. वडिलांनी ते मला हयातभर राहायला दिले आणि माझ्या मागे ऑर्विलला, म्हणजे घराची राखण मी केली आणि घर त्याचे. त्याबद्दल मला इथे काही लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. परसातली सफरचंदाची झाडे मात्र मी लावली आहेत. शेजारच्या श्रीमती अल्माइरा किलबर्न यांनी दर शरदात हवी तेवढी सफरचंदे न्यावीत. ऑर्विलने अडवले तरी न्यावीत.

कलम ३. माझी झुलती खुर्ची, मक्याच्या पावाचे बिडाचे तवे आणि बँकेतली ठेव (दफनाचा खर्च जाऊन उरेल ती) माझी भाची मिनर्व्हा हिला. ती ऑर्विलची मुलगी. बापाचे नाक तिला मिळाले आहे, बाकी काही मिळालेले नाही.

माझ्या शिवणाच्या पेटीतली मोठी कात्री माझ्या वहिनीला, म्हणजे ऑर्विलची बायको क्लॅरिसा हिला. ती तिच्याच हातात शोभते. का, ते पुढे येईल.

लाकडावर चित्रे कोरायची एक कोरणी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिची मूठ झिजलेली आहे. ती कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर पुरावी. ती अल्फियस टटल यांची. आमच्या छापखान्यातल्या पुस्तकांची चित्रे ते कोरत. सिनसिनाटीला स्वतःचे दुकान काढायला निघाले तेव्हा त्यांनी मला विचारले होते, "येतेस?" मी म्हटले, आईची इच्छा वेगळी आहे. ते वर्षभर थांबले आणि मग गेले. तिकडेच त्यांनी संसार केला, तिकडेच वारले. ती इच्छा काय होती, हाच या मृत्युपत्राचा विषय आहे.

कलम ४. पेनिमन घराण्याची पत्रे आणि रोजनिशा, पोटमाळ्यावरच्या तीन पेट्यांत आहेत त्या सगळ्या, मिनर्व्हाला.

हे जरा नीट सांगते. वडील पुस्तकांचे प्रकाशक होते, घरात कागदाचे रीमच्या रीम येत, पण आईने रोजनिशीसाठी कोरी वही मागितली तेव्हा ते म्हणाले, "कागद छापायला असतो, बायकांनी खरडायला नाही." तेव्हापासून आईने लेखकांकडून आलेली पत्रे जमवली. पत्राची पाठ कोरी असे. त्या पाठींवर तिने रोजनिशी लिहिली आणि वर्षाअखेरीस पाने दोऱ्याने शिवून ठेवली. एका बाजूला कोणी मोठा इतिहासकार आगाऊ रकमेसाठी गयावया करतो आहे आणि उलट बाजूला ऑर्विलला गोवर निघाला आहे. एका बाजूला पाद्रीबुवांचा नम्र नमस्कार आणि उलट बाजूला तेच पाद्रीबुवा आमच्याकडे जेवायला येऊन तीन वेळा बीन्स मागून घेतात. असे दोन्ही बाजूंनी वाचले तरच आमचे घराणे कळते.

आता ऑर्विलला वडिलांचे 'जीवन आणि पत्रे' काढायचे आहे. दोन खंड, सोनेरी कडा. त्यासाठी त्याला आईची शिवण उसवून फक्त पुढच्या बाजू छापायच्या आहेत. मागच्या बाजूंचे काय, असे मी विचारले. "मागं काय आहे? लोणची आणि सर्दीपडसं," असे तो म्हणाला. ज्या बाईने याचे नाक पुसले तिच्याबद्दल हे बोलणे! तेव्हा या पेट्यांतला एकही दोरा ऑर्विल, क्लॅरिसा किंवा पेनिमन आणि पुत्र या वडिलांच्या प्रकाशन पेढीच्या कोणा माणसाने उसवू नये. मिनर्व्हाने छापायचे ठरवले तर दोन्ही बाजू छापाव्यात, नाहीतर काहीच छापू नये.

कलम ५. आई उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेली. तिच्या रोजनिशा जपून ठेवतो म्हणून ऑर्विल त्याच दिवशी त्याच्या घरी घेऊन गेला. मी तेव्हा डोळे पुसत होते, वाचायचे सुचले नाही. त्याच महिन्यात गावातल्या बायकांनी जखमी सैनिकांसाठी विक्रीमेळा भरवला. मोठ्या माणसांच्या सह्या तिथे चांगल्या खपत. माझ्या वहिनीने कात्री घेतली आणि आईच्या शिवलेल्या पानांतून सह्या कापल्या. पत्राच्या खालच्या भागातून रुंदीभर पट्टी, सरळ, सुबक. मागे काय लिहिले आहे ते तिने पाहिलेही नाही. मी रडले तेव्हा म्हणाली, "अगं, सैनिकांसाठी आहे! तुझं आपलं भलतंच." सैनिकांना मी पायमोजे विणून देत होते. माझ्या आईची रोजनिशी द्यायची काय गरज होती?

मेळा संपल्यावर कापलेल्या रोजनिशा मी घरी परत आणल्या. विकलेल्या पट्ट्या मी पुढे एकेक करून शोधल्या आणि विकत घेऊन जागच्या जागी चिकटवल्या. कोणाच्या वहीतून, कोणाच्या दिवाणखान्यातून, किती जणांपुढे तोंड वेंगाडले ते माझे मला माहीत. फक्त एक पट्टी मिळाली नाही. ती विकलीच गेली नव्हती. रेव्हरंड थिऑफिलस गेज यांची सही होती ती. त्या काळी त्यांच्या कविता शाळेतली मुले घोकत, आज त्या कोणी रद्दीतही घेत नाही. ऑर्विलने ती पुठ्ठ्यावर डकवून, काचेच्या चौकटीत घालून पेढीच्या भिंतीवर टांगली. अजून तिथेच आहे.

त्या सहीच्या मागे आईच्या रोजनिशीतल्या शेवटच्या दिवसाच्या दोन ओळी आहेत. उरलेले पान माझ्याकडे आहे. त्यावर असे आहे: "मी गेल्यावर थर्झाने" आणि मग भोक. भोकाखाली: "हीच माझी शेवटची इच्छा आहे. ऑर्विलने ती पूर्ण होऊ द्यावी."

ऑर्विल म्हणाला, "कापायच्या आधी मी वाचलं होतं. 'थर्झाने वडिलांची सेवा करावी, हे घर सोडू नये.' असं होतं." मी विश्वास ठेवला. बत्तीस वर्षांची होते, काही लहान नव्हते, पण मेलेल्या आईचे नाव पुढे केले की कोण वाद घालणार? म्हणून अल्फियस गेले आणि मी वडिलांच्या पायाला मोहरीचा लेप लावत एकोणीस वर्षे काढली.

वडिलांच्या दफनाच्या दिवशी ऑर्विल पाहुण्यांना म्हणाला, "आईनं लिहूनच ठेवलं होतं, थर्झाने लग्न न करता घर सांभाळावं." लग्नाचा शब्द तेव्हा नव्याने आला. मी त्याला म्हटले, चौकट उघड. "डिंक जुना आहे, फाटेल," असे त्याने सांगितले, आणि दर वेळी तेच सांगितले. गेल्या नाताळात मिनर्व्हा म्हणाली, मला फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकायला जायचे आहे. ऑर्विलने केकचा तुकडा तोंडात असतानाच सांगितले, "तुझ्या आजीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, पेनिमन घराण्यातल्या मुलींनी बाहेर कामधंद्याला जाऊ नये."

पोर माझ्याकडे बघायला लागली. "आत्या, खरंच असं लिहिलंय?"

आईचे अक्षर टपोरे होते. दोन ओळींत तिचे दहा-बारा शब्द मावत. इतकी वर्षे त्या दोन ओळी वाढतच चालल्या आहेत. आधी त्यांनी मला गिळले, आता त्या मिनर्व्हाला गिळायला निघाल्या आहेत. हे मी होऊ देणार नाही.

कलम ६. 'घरचा वैद्य' हे पुस्तक ज्यांवरून छापतात त्या शिशाच्या पाट्या वडिलांनी मला दिल्या होत्या. हुंडा वाचला त्याच्या बदल्यात द्यायला दुसरे काही त्यांना सुचले नसावे. पाट्या ज्याच्या, पुस्तक त्याचे. तेव्हा त्या मोडीच्या भावाच्या होत्या. आज कान्सासपर्यंत घरोघरी फिरते विक्रेते ते पुस्तक विकतात, पेढी त्याच्यावर जगते, आणि ऑर्विल त्या पाट्या माझ्याकडून भाड्याने घेतो. त्या काढून घेतल्या तर पेनिमन आणि पुत्र यांच्याकडे सोनेरी कडांशिवाय काही उरणार नाही.

या पाट्यांची वाट अशी. माझ्या दफनानंतर महिन्याच्या आत ऑर्विलने ती चौकट ग्रिस्वोल्ड यांच्या स्वाधीन करावी. ग्रिस्वोल्ड यांनी साक्षीदारांसमोर काच काढून, पट्टी कोमट पाण्यात भिजवून पुठ्ठ्यावरून सोडवावी. मी बाकीच्या पट्ट्या अशाच सोडवल्या आहेत आणि एकही फाटलेली नाही. मागचे शब्द मोठ्याने वाचावेत. ऑर्विलने आजवर सांगितलेल्या तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट तिथे लिहिलेली निघाली, तर सगळ्या पाट्या ऑर्विलच्या, भाडे नाही, अट नाही, आणि माझ्या दगडावर त्याला हवे ते कोरावे. वेगळे काही निघाले, किंवा चौकट आलीच नाही, किंवा ती 'हरवली', तर सगळ्या पाट्या मिनर्व्हाच्या. त्यांच्या भाड्यावर तिने फिलाडेल्फियाला जावे.

कलम ७. वरचे कलम ऑर्विलला आधीच कळावे असे मला वाटले, मेल्यावर मागून वार केला असे कोणी म्हणू नये म्हणून. मंगळवारी त्याला बोलावून ग्रिस्वोल्ड यांनी ते वाचून दाखवले. अल्माइरा किलबर्न खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. तेव्हा झाले ते इथे नोंदवून ठेवते, कारण या कागदाला साक्षीदार आहेत आणि आमच्या संभाषणाला पूर्वी कधीच नसत.

ऑर्विल म्हणाला, "हे कलम काढ."

"का?" मी म्हटले. "तुझ्या फायद्याचंच आहे की. चौकट उघडायची आणि सगळं घेऊन जायचं."

"कागद फाटेल, थर्झा. किती वेळा सांगू?"

"फाटू दे. चार शब्द उरले तरी चालतील. तुला तर पाठ आहे."

"सख्ख्या भावावर असा संशय घेतेस? लोक काय म्हणतील?"

"मी संशय कुठं घेतलाय? मी तर तुझ्या शब्दावर सगळी मिळकत लावलीय. इतका विश्वास तुझ्यावर बँकसुद्धा ठेवणार नाही."

ग्रिस्वोल्ड खाकरले. ते म्हणाले, "मिस्टर पेनिमन, तुमची पेढी इथून चार पावलांवर आहे. आणायची असेल तर चौकट आत्ता आणा. मी थांबतो."

ऑर्विलने माझ्याकडे पाहिले नाही. गालिच्याकडे पाहत तो म्हणाला, "तुला तेव्हा तरी कोण नेणार होतं?"

अल्माइरांनी विणकाम मांडीवर ठेवले. "नेणारा आला होता, ऑर्विल. आम्ही सगळ्यांनी बघितलंय," त्या म्हणाल्या.

त्याने टोपी उचलली आणि गेला. आम्ही दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. चौकट आली नाही. बुधवारी आली नाही, आजही आली नाही. तो रोज तिच्याखाली बसून हिशेब तपासतो, खिळ्यावरून काढायला हात वर करावा लागेल एवढेच.

तेव्हा मिनर्व्हा, तू मला नाताळात जे विचारलेस त्याचे उत्तर मी इथे कायद्याच्या कागदावर देते. नाही, असे लिहिलेले नाही. तुझ्या आजीने तुला किंवा मला कुठेही बांधून ठेवलेले नाही. सामान बांध, माझ्या मरणाची वाट पाहू नकोस.

काय लिहिलेले नाही ते मला कळले. काय लिहिले आहे ते अजून कळलेले नाही. ऑर्विलच्या मागे ती चौकट कधी तरी तुझ्या हाती येईल. तेव्हा पाणी कोमट घे, घाई करू नकोस. पट्टी सुटली की ती घेऊन माझ्या कबरीपाशी ये आणि 'मी गेल्यावर थर्झाने' इथपासून मोठ्याने वाच. मला ते वाक्य पूर्ण ऐकायचे आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या देखत सही केली आहे, आणि सहीच्या मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे.

थर्झा मेहिटाबेल पेनिमन

साक्षीदार:
डॉ. सायलस बीच, हार्टफर्ड
श्रीमती अल्माइरा किलबर्न, शेजारीण (मंगळवारी मी हजर होते. जसे झाले तसेच लिहिले आहे.)

स्थळ: हार्टफर्ड, कनेटिकट
दिनांक: १३ मार्च १८९१