म्हाताऱ्याची पेज

ता. ९ जानेवारी १८९३, सोमवार. कल्याण.

दुपारी गिरणीत इंजेक्टरने दगा दिला. पाणी बॉयलरमध्ये न जाता सगळे बाहेर जमिनीवर. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी उतरताना पाहिले आणि भट्टीतला विस्तव बाहेर ओढायला लावला. पंप मोडल्यापासून बॉयलरला पाणी पोचवायला हा इंजेक्टर एवढाच मार्ग. हौदातले पाणी गार होते, नळात कुठे हवा शिरत नव्हती. म्हणजे दोष आतल्या निमुळत्या पितळी तोट्यांत. काढून पाहिल्या. तोंडे झिजून रुंद झाली आहेत. मुंबईहून नव्या मागवल्या.

इंजिनवाला धर्मा दोनदा हाक मारल्यावर आला. हात ओले. "म्हाताऱ्याला पेज पाजत व्हतो, सायेब." हा डोंबिवलीचा; बापाला इथे आणला आहे का, विचारायला हवे होते. विचारले नाही. आजाऱ्याच्या माणसावर रागवावे कसे?

ता. १३, शुक्रवार.

नव्या तोट्या स्वतः बसवल्या. वाफ सोडताच पाणी धरले. दिवसभर भात कांडले. बरे वाटले, जरा जास्तच.

ता. १८, बुधवार.

पुन्हा तेच. आठवडाही न झालेल्या तोट्या झिजत नाहीत. काढल्या, तर आत तपकिरी लगदा. चुन्याचा थर असता तर नखाने निघाला नसता, हा निघाला. कोणी हौदात खाडीचे पाणी तर घालत नाही? चाखून पाहिले, खारट नाही. लगद्याला वास मात्र भात करपल्याचा.

दुसरी गोष्ट. दिवाळीपासून बॉयलरच्या नळ्या गळत होत्या, खालची राख सदा ओली. आज राख कोरडी. दुरुस्ती कोणी केली? मला कोणी बोलले नाही. गळती अशी मुकाट्याने थांबली की मला गळतीपेक्षा जास्त भीती वाटते.

तोट्या धुऊन परत बसवल्या.

ता. १९, गुरुवार.

न सांगता पहाटेच गिरणीत गेलो आणि पोत्यांआड उभा राहिलो. हे शोभणारे नव्हे. तरी राहिलो.

धर्माने भाताचा कोंडा शिजवलेले मडके आणले आणि हौदात ओतले. वर हमालाला म्हणतो, "म्हाताऱ्याची पेज. पोट बांधून ऱ्हातं." म्हातारा म्हणजे बॉयलर. इतकी वर्षे गिरणी मी चालवतो, आणि माझी माणसे बॉयलरला म्हातारा म्हणतात हे मला आज कळले.

कोंडा फुगून नळ्यांच्या भेगांत बसतो. गळती थांबते, नळी सांधत नाही. ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी समोर धर्माच उभा असेल. तेच त्याला सांगितले.

"मना काय सांगताव? बापूसाहेबांनीच सांगितला, म्हाताऱ्याला पेज पाज नि गप काम कर."

बापूसाहेब म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, गोदीचे यजमान. ठाण्यास वकिली. गिरणीत माझ्यापेक्षा त्यांचा हिस्सा मोठा.

विस्तव विझवला. तोट्या काढून रुमालात बांधून घरी आणल्या. त्यांच्यावाचून बॉयलर पेटवता येणार नाही.

ता. २०, शुक्रवार.

ठाण्यास गेलो. बा.सा. सुपारी कातरत ऐकत होते. मग हसले.

"अहो विनायकराव, त्याचा बाप आजारी. दिवाळीत रजा मागायला आला होता. म्हटलं, म्हाताऱ्याला पेज पाज नि गप काम कर. आता तो बॉयलरलाच बाप समजला, त्याला मी काय करू?"

 मग पुढे म्हणाले, "त्याला काढून टाका. नवा माणूस बघा. शिमग्यापर्यंत चालू द्या, मग नळ्या बदलू."

"पेजेवर चालू द्या?"

"मी पेज म्हटलं का? तुम्हीच म्हणता."

वकील माणूस. नळ्या गळतात हे मी आधी सांगितले, की त्यांनीच आधी नळ्यांचे नाव काढले? त्यांनी काढले असेल, तर त्यांना सगळे आधीच ठाऊक होते. गाडीत बसल्यापासून आठवतो आहे. आठवत नाही. आठवत नाही, हेही लिहून ठेवतो.

ता. २१, शनिवार.

डोंबिवलीस धर्माच्या घरी गेलो. संत्री नेली, म्हणजे समाचाराला आलो असे दिसावे. बाप खरोखर अंथरुणावर. खोकला थांबत नाही. दिवाळीपासून पडून आहे म्हणाला. पोरगा रोज पेज करून ठेवतो.

"तुमी पेज बगाला आलाव काय?" म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला. मी संत्री उशाशी ठेवली.

म्हणजे बा.सा. खरे बोलले असतील. धर्माही. आणि दोघांपैकी एकाने हे आजारपण हाताशी धरले, असेही असेल. जे तपासायला गेलो ते तपासून झाले, आणि संशय होता तिथेच आहे. काय करायचे ते मात्र संशयावर अवलंबून नाही: नळ्या बदलेपर्यंत विस्तव नाही. मग कोण खोटे बोलतो याचा ध्यास का सुटत नाही? मला माणसे वाचवायची आहेत, की बा.सां.ना पकडायचे आहे?

ता. २२, रविवार.

सकाळच्या गाडीने गोदी आली. बरोबर बा.सां.चा कारकून. त्याला ओसरीवर बसवून ती आत आली.

"दादा, ते पितळेचं काय ते दे म्हणालेत. उद्या नवा माणूस येणार आहे गिरणीत."

"कशाला हवंय, ते सांगितलं?"

"मला कोण सांगतंय?"

मी सांगितले. नळ्या, कोंडा, सगळे. कोण काय म्हणाले, तेवढे सोडून. घरात बा.सा. बॉयलरला म्हातारा म्हणतात का, हे तिला ठाऊक असेल. जिभेवर आले होते. नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष काढायची नाही म्हणून गिळले.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "त्या कारकुनाला जाऊ दे. सांग, तोट्या सापडत नाहीत, सापडेपर्यंत वहिनीनं मला इथंच ठेवून घेतलंय."

"सापडत नाहीत असं मी सांगणार नाही."

"मग काय सांगशील ते सांग. मी आज जात नाही."

कारकुनाला म्हटले, देणार नाही असे कळवा. तो गेला. गोदी स्वयंपाकघरात भाजी निवडते आहे, वहिनीशी हसून बोलते आहे, जशी माहेरपणाला येते तशीच.

ती माझ्या बाजूने राहिली आहे, की मिळाल्याशिवाय परतू नकोस असे तिला बजावले आहे? हे माझ्या मनात आले. गोदीविषयी. तोट्या टेबलावर उघड्या होत्या. त्या उचलून पेटीत ठेवल्या, आणि पेटीला कुलूप लावले.