सहा एमएमची वायर

दि. ४ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

बाबा बोटीवर राहतात ते राहतातच. माझ्या घरी चला म्हटलं, की त्यांना बोटीवर नेमकं काहीतरी काम निघतं. आता तळाशी पाणी झिरपतंय, म्हणून उपसायचा पंप आणलाय. पंप मागच्या टोकाला, बॅटरी पुढे. मधे वायर किती जाड घालू? दुकानदाराने लांबी विचारली. मी आठ मीटर म्हटलं, तर म्हणाला, नुसती जायची की जाऊन-येऊन? मी बघतच राहिले. बाबा म्हणाले, तुझा भाऊ वायरमन आहे, त्याला विचार. पंप नीट चालला नाही तर त्यांना तिथे राहू देणार नाही, असं मी बजावलंय. तू ही बोट पाहून तीन वर्षं झाली, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

माया आहेच, उत्तर तेवढं टाक.
तुझी ठमी

दि. ११ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

एवढ्याशा वायरीसाठी दुकानात आ वासून उभी राहिलीस? अगं, मी अख्ख्या इमारतींचं वायरिंग करतो. घरात दोनशे तीस व्होल्ट, बोटीत जेमतेम बारा. म्हणजे बारीक वायर पुरे. दीड एमएमची आण आणि निवांत झोप. यायचं मनात फार आहे, पण कामातून मान वर काढता येत नाही.

बाबांना नमस्कार, तुला एक टपली.
दादा

दि. १९ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

तू सांगितलेली वायर लावली. पंप कण्हतो आणि थुंकल्यासारखं पाणी टाकतो. वायर हाताला कोमट लागते, त्याच वायरवरचा बाबांचा दिवा मिणमिणतो. बॅटरी नवी, पंप नवा, मग घोडं अडलं कुठे? काल बाबांच्या चपला तरंगत होत्या आणि ते बादलीने पाणी उपसत गुणगुणत होते. दादा, मला भीती वाटते रे.

लोभ राहू दे, आधी उपाय सांग.
ठमी

दि. २५ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

माझंही डोकं गरगरलंय. बोटी दुरुस्त करणारा एक मित्र आहे, तो पोट धरून हसला. म्हणे व्होल्ट कमी, तर तेवढ्याच कामाला करंट जास्त, म्हणून वायर जाड लागते. शिवाय वीज पंपापर्यंत जाऊन परत येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची. सगळाच उलटा कारभार! घराचं गणित मी बोटीला लावलं. सहा एमएमची वायर घेऊन रविवारी स्वतः येतो. तोवर बाबांना तुझ्याकडे ने, हवं तर उचलून ने.

रागावू नकोस.
दादा

दि. २८ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

वायर आणू नकोस. बाबांना न्यायला गेले, सामान आवरताना अंथरुणाखालून सहा एमएमचं भेंडोळं निघालं. वर पावती, पंपाच्याही आधीच्या तारखेची! मी अशी भडकले म्हणून सांगू. ठाऊक होतं तर बादली घेऊन का बसलात, म्हणून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर तो आला असता का?"

हसू की रडू, कळेना. वायर मी आजच जोडून घेतली, पंप धो धो चालतोय. बाबा म्हणाले, दादाला एवढ्यात कळवू नकोस. पण तुला फसवून बोलवायचं माझ्या जिवावर आलं. आता यायला काहीच कारण उरलेलं नाही.

तरी ये.
तुझी ठमी