लाल डोळे अन् आरामशीनचं गेट

मु. पो. चामोर्शी, जि. चांदा
१४ जुलै १९८१

आदरणीय साडभाऊ गुणवंतराव यांचे सेवेशी, मुक्काम धानोरा.

खुशालचा सविनय जयभीम. आमच्या आकडसासूबाई, म्हणजे माह्या मनकर्णेची मोठी बहीण, तुमच्या घरच्या कमळाबाई, त्याईलेही जयभीम. तुमची तब्येत आता सुधारली असन अशी आशा करतो. पत्र लिवण्यास कारण की, इकडील सर्व खुशाल असं लिवाची रीत आहे. पण आमच्या घरी सध्या खुशाल मी एकटाच, अन् तोही नावापुरता. अक्षर तिरपं दिसलं तं रागावू नका. मी सरळच लिवून राह्यलो, डोळे साथ देत नाई.

तुमचं कार्ड पोचलं. डोळे आल्याबरोबर तुमी पंचायत समितीच्या हापिसात अर्ज टाकला, भरपगारी रजा घेतली, अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडून रेडिओ ऐकला, अन् कमळाबाईनं दर घंट्याले डोळ्यावर गुलाबपाण्याची पट्टी ठेवली, हे वाचून आनंद झाला. (मनकर्णेले तेवढा नाई झाला. ती म्हणाली, माह्या बहिणीचे हात दुखले असतीन, ते काऊन नाई लिवलं.) शेवटी तुमी लिवलं की डोळे आल्यावर चार लोकांत जाणं हा अडाणीपणा आहे, शहाण्या माणसानं घरी बसावं. गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. इतकी बरोबर आहे की मी ते कार्ड आरामशीनच्या गेटावर सगळ्याईले वाचून दाखवलं. मंग आमचा लच्छू मिस्त्री, जो लाकूड चिराचा आरा चालवते, त्यानं इचारलं, "खुशालभाऊ, तुमच्या साडभावाच्या हापिसात एखादी जागा खाली आहे का?"

आता लच्छूनं असं काऊन इचारलं ते तुमाले कळाले पाह्यजे. आरामशीन श्रीहरीशेठची. लाकूड चिरणारे, ओंडके ढकलणारे, भुसा भरणाऱ्या बाया, अन् गेटावर स्टुलावर बसणारा चौकीदार म्हणजे मी, सगळे रोजीवर. हात चालला तं रोजी, थांबला तं नाई. ताप आला, रोजी नाई. घरी मयत झाली, रोजी नाई. (लच्छूचं लग्न झालं त्या दिवसाची बी कापली होती. तो अजून म्हणते की त्या दिवशी नुकसान दोन्हीकडून झालं.) असा कारभार सुरळीत चालू असताना हा डोळ्याचा रोग आला. कोणी म्हणते एस.टी.नं आला, कोणी म्हणते हवेनं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं शेठजीले सांगतलं की लाल डोळ्याच्या माणसाले बाकीच्याईपासून दूर ठेवा. शेठजीनं दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला. ज्याचे डोळे लाल, त्यानं गेटातून आत येऊ नये, अन् जो आत आला नाई त्याची रोजी नाई. पह्यला भाग डॉक्टरचा होता, दुसरा शेठजीनं स्वतःच्या पदरचा टाकला. अन् डोळे पाहाचं काम माह्याकडे आलं.

साडभाऊ, चौकीदारीत मी लाकूडचोर पकडले, कुत्रे हाकलले, एकदा अस्वल गेटाशी आलं तवा स्टुलावर चढून डबा वाजवला. पण रोज सकाळी माणसाच्या डोळ्यात पाहाचं काम कधी केलं नव्हतं. एक तं लोक म्हणतात, हा रोग पाहूनच लागते. म्हणजे रोग आहे का नाई ते पाहाचं, अन् पाह्यलं की आपल्यालेच रोग. म्हून मी तोंड बाजूले करून एकाच डोळ्यानं पाहू लागलो, म्हटलं एक तरी वाचावा. त्यात पुन्हा बाया. भुसा भरणाऱ्या बाया रांगेत उभ्या अन् मी एकेकीच्या डोळ्यात पाहून राह्यलो, ही खबर दुपारच्या आत मनकर्णेपर्यंत गेली. त्या रात्री माह्या ताटात वरण कमी अन् बोलणी जास्त होती. बायाईत सगळ्यात मोठी बुधरीबाई, गोंडाची, डोक्यावर भुशाचं टोपलं घेऊन सुद्धा मान ताठ ठेवणारी. तिनं दोन्ही हातानं पापण्या ताणल्या अन् म्हणाली, "पाय भाऊ, नीट पाय. आतमंदी दुसरं काई दिसलं तं ते बी सांग." सगळ्या हसल्या. मले तिच्या डोळ्यात माहंच तोंड दिसलं, अन् ते काही चांगलं नव्हतं.

मंग एका सकाळी लच्छू काळा चष्मा घालून आला. म्हणे भुसा डोळ्यात जाते. इतके वर्स भुसा त्याच्या डोळ्यात जाऊन राह्यला, पण त्याले ते आजच समजलं. मी चष्मा वर केला. आत पिकलेले टमाटे. मी म्हटलं, लच्छू, घरी जाय. तो म्हणाला, "जातो ना भाऊ. पण लेकराईले काय सांगू? डोये बरे होतवरी जेवू नका म्हून?" मी चष्मा हळूच खाली करून त्याच्या नाकावर नीट बसवला अन् म्हटलं, जाय आत, आज भुसा लय आहे.

झालं. त्या आठवड्याच्या बाजारात बांगड्यावाल्याजवळचे सगळे काळे चष्मे संपले. अर्धी आरामशीन काळ्या चष्म्यात ओंडके ढकलू लागली. बल्लारशाहून आलेल्या एका ट्रकवाल्यानं मले इचारलं, इथी सिनेमाची शूटिंग चालू आहे का? बायाईनं मिळून एकच चष्मा घेतला. त्याची एक काडी तुटलेली, तिथी लाल दोरा बांधला होता. बुधरीबाई तो घालून आत जाये. मंग तो कुंपणावरून बाहेर येये अन् दुसरी बाई घालून येये, मंग तिसरी. तोच लाल दोरा माह्यासमोरून जाऊन राह्यला अन् मी हरेकीले म्हणून राह्यलो, चष्मा नवीन घेतला वाटते, बाई. तो चष्मा जितक्या नाकावर बसला तितक्याईचे डोळे आले. शेठजीले मात्र लय समाधान वाटलं. म्हणाले, आपली माणसं कशी शिकल्या-सवरल्यासारखी दिसून राह्यली.

मंग माहे डोळे आले. सकाळी आरशात पाह्यलं तं ओळख पटेना. नियमानं मी मले घरी हाकलाले पाह्यजे होतं. मी मले लय समजावलं, पण मी काही ऐकलं नाई. मनकर्णेनं धन्याचं पाणी, शेवग्याच्या पाल्याचा रस अन् शेजारणीनं सांगतलेलं तुपाचं बोट, असं सगळं एकाच सकाळी डोळ्यात टाकलं. रोग राह्यला बाजूले, डोळा भाजीसारखा शिजून निघाला. मंग मीही चष्मा घेतला, अन् काळ्या चष्म्यातला चौकीदार काळ्या चष्म्यातल्या मजुराईले तपासू लागला. पावसाची सकाळ, आभाळ भरलेलं. एक भारी माणूस बिनबोलता आत जाऊन राह्यला होता. मी दरडावलं, थांब, चष्मा काढ. तो काही बोलेना. मी अजून जोरात दरडावलं. ती कोणाची तरी म्हैस होती. ती आत गेली, नव्या फळ्याईवर पाठ घासली, अन् आपल्या मनानं परत आली.

इथवर तुमी हसले असाल तं हसा. पुढची गोष्ट तशी नाई. त्याच दुपारी पाऊस जोरात लागला. आत अंधार, लच्छूच्या डोळ्यावर काळा चष्मा, अन् चष्म्याच्या आत सुजलेल्या पापण्या. आऱ्यावर सागाचा ओंडका चढला होता. रेघ दिसेना म्हून लच्छू वाकला, अजून वाकला, अन् त्याच्या सदऱ्याची बाही आऱ्यात गेली. कोणालेच दिसलं नाई. दिसलं फक्त बुधरीबाईले, कारण त्या वेळी बायाईचा चष्मा दुसरीच्या नाकावर होता. तिनं टोपलं फेकलं अन् लच्छूले कमरेत धरून असं मागे ओढलं की दोघंही भुशात जाऊन पडले. बाही आऱ्यानं नेली. दंडाची चामडी थोडी गेली. हात राह्यला. कोणीतरी आऱ्याची मोटार बंद केली, अन् मंग नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येऊ लागला. लच्छू आपला हात उलटा-सुलटा करून पाहून राह्यला होता, जसा तो दुसऱ्याच कोणाचा आहे. बुधरीबाई त्याच्या अंगावरचा भुसा झटकून त्याले शिव्या देऊन राह्यली होती. मी गेटावरून धावत आलो तं मधला ओंडका मले दिसला नाई, मी बी त्याईच्याजवळ जाऊन पडलो. माह्याकडे कोणी पाह्यलं नाई. बरोबरच होतं. चष्मा नाकावर बसवून त्याले आत पाठवणारा मीच.

सांजेले सगळे शेठजीसमोर उभे राह्यलो. लच्छू म्हणाला, "लाल डोयाचा माणूस आऱ्याजवळ जानार नाई. मी बी नाई. आमी घरी बसतो. पण बसल्या दिवसाची रोजी द्या." शेठजी म्हणाले, "काम नाई तं रोजी कशाची? मी का सरकार आहो?" (इथी मले तुमची याद आली.) गोष्ट तिथंच राह्यली. लच्छू घरी गेला, आरा बंद, अन् मी गेटावर.

दोन दिवसानं एक माणूस गेटातून सरळ आत शिरू लागला. म्हशीपासून मी हात लावून पाहाची सवय केली होती. धोतर लागलं, म्हून माणूस समजलो अन् म्हटलं, काढ चष्मा. त्यानं काढला. टमाटे. मी म्हटलं, बाबू, चुपचाप घरी जाय, रोजी बुडन तं बुडन. "खुशाल, मी आहो," शेठजीचा आवाज आला. मी बाजूले सरकणारच होतो, तितक्यात मागून बुधरीबाई बोलली, "नेम तं नेम हाय. डोयाले का मालूम, मालक कोन?" शेठजी तिच्यावर ओरडले, "मी घरी बसलो तं इथलं कोण पाहीन? माहं नुकसान कोण भरून देईन?" एवढं बोलले अन् त्याईची नजर लच्छूवर गेली. बसल्या दिवसाची रोजी मागाले आलेला लच्छू दंडाले पट्टी बांधून भिंतीले टेकून उभा होता. शेठजीनं चष्मा लावला अन् आल्या पावली परत गेले.

घरी त्याईच्या शेठाणीबाईनं त्याईले आत घेतलं नाई, कारण नात रांगती आहे. गोठ्याजवळच्या खोलीत खाट टाकून देल्ली. तिथी बैलाईसोबत पडून त्याईले काही सुचलं, का नुसता कंटाळा आला, ते मले माहीत नाई. पण थोड्या दिवसानं निरोप आला की ज्याचे डोळे लाल त्यानं घरी बसावं, अर्धी रोजी मिळन. आता अर्धी रोजी म्हणजे अर्धं पोट. म्हून लोक अर्धे बरे होतवर घरी बसतात अन् उरलेले अर्धे लाल डोळे घेऊन कामावर येतात. तरी आऱ्याजवळ त्यातलं कोणी जात नाई.

राह्यलो मी. शेठजीनं सांगतलं, चौकीदाराले अर्धी रोजी लागू नाई. ती आरामशीनमध्ये काम करणाऱ्याईले आहे, अन् चौकीदार तं आरामशीनच्या बाहेर बसते. वास्तविक माह्या स्टुलाचे दोन पाय आत आहेत अन् दोन बाहेर, पण शेठजीनं बाहेरचेच दोन धरले. तवा मी सध्या घरी आहो, डोळे अजून काही उघडत नाई, अन् शहाण्या माणसासारखा पडून आहो. लहानाईले गोड पापा, मोठ्याईले जयभीम.

आपला साडभाऊ,
खुशाल

ता. क. : येत्या शनिवारच्या गाडीनं आमी सगळे तुमच्याकडे येऊन राह्यलो. रोग जाईपर्यंत राहू. तुमाले होऊन गेला आहे, म्हून भेव नाई.

दुसरा ता. क. : कंडक्टरनं चढू द्यावं म्हून सगळ्याईले चष्मे घालून आणतो. धानोऱ्याच्या स्टँडवर काळ्या चष्म्यातलं अख्खं कुटुंब उतरलं तं पोलिसाले बोलावू नका.

तिसरा ता. क. : कमळाबाई, मी मनकर्णा. पाकीट पोस्टात टाकाले याईनं माह्या हाती देल्लं, म्या रस्त्यात उघडून वाचलं. शनिवारी आमची वाट पाहू नको. काल सांजेले लच्छू अन् बुधरीबाई घरी आले होते. म्हणाले, चौकीदाराले अर्धी रोजी भेटल्याबिगर आमी कोणी गेटातून आत जात नाई, सारे बाहेर बसून आहो, तुमी बी या. हे याईनं लिवलंच नाई. आपल्यापायी एवढ्या लोकाईची रोजी बुडते, म्हून तुमच्याकडे पळून राह्यले होते. म्या परत घरी जाऊन याईले सांगतलं, कुठी जायचं नाई, जाऊन त्याईच्यात बसा. काल ते दोघं गेल्यावर हे लय वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. म्या इचारलं, डोयात पाणी काऊन, तं म्हणाले रोग हाय. डोये तं याईचे परवाच साफ झाले.