आप्पांच्या ड्रॉवरातल्या सात पिढ्या

ती. आप्पा यांस,

धाकट्या चुलतभावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारला आहे, तेव्हा आठांपैकी सहाच अंगांचा समजावा.) तुमची प्रकृती उत्तम असणार, कारण ती बिघडायला जेवढी हालचाल लागते तेवढी तुम्ही होऊच देत नाही. वहिनींची पाठ कशी आहे? फोन तुम्ही उचलत नाही, ईमेल उघडत नाही. कागदी पत्र मात्र, उत्तराचा तगादा लावत नाही म्हणून, आवडीने वाचता. म्हणून हा प्रपंच.

आपला वंशवृक्ष पूर्ण झाला, हे कळवताना छाती पुढे येते (पोटाच्याही पुढे, हे विशेष). सात पिढ्या, कॉम्प्युटरच्या एका फाइलीत. आपली आत्या रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसून सांगायची आणि मी टाइप करायचो. नुसती नावं आणि तारखा नव्हेत. प्रत्येकाच्या नावाखाली तिने सांगितलेल्या गोष्टी. कोण हसताना तोंडावर हात धरायचं, कोण भांडण झालं की घरातले सगळे बूट पॉलिश करत बसायचं. आजोबांवर तर तिने कितीतरी दुपारी खर्च केल्या. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, उलट्या अक्षरांची इतकी सवय, की दुसऱ्याने टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र समोरच्या बाजूने उलटंच वाचून काढायचे आणि वर वाचणाऱ्याला म्हणायचे, ‘झालं असेल तर पान उलट.’ पुढच्या महिन्यात आत्याच्या वाढदिवसाला हे सगळं मोठ्या कागदावर छापून तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचं ठरलं आहे.

आता बॅकअपविषयी. माझी व्यवस्था तुम्ही जाणताच (जाणता, पाळत नाही). कॉम्प्युटरला काही झालं तर कपाटातली डिस्क, घराला काही झालं तर इंटरनेटवरची प्रत, आणि इंटरनेटलाच काही झालं तर नातेवाईक. प्रत्येक घरी एकेक पेन ड्राइव्ह आणि दर रविवारी माझा आदेश: नवी प्रत उतरवून घ्या आणि जुनी पुसून टाका. हे पुसणं मी मुद्दाम घातलं. जुन्या पोथ्यांमधले पाठभेद निस्तरण्यात ज्याची तरुणपणची दृष्टी गेली, तो आपल्या घराण्याच्या दोन आवृत्त्या जगात कशा राहू देईल?

मध्यंतरी सॉफ्टवेअरने मोठ्या अदबीने विचारलं, या दोन व्यक्ती एकच दिसतात, एकत्र करू का? नाव तेच, आडनाव तेच, घर तेच. पुनरुक्ती मला पहिल्यापासून सहन होत नाही. मी हो म्हटलं. त्या दोन व्यक्ती म्हणजे आपले आजोबा आणि त्यांचं नाव ज्याला ठेवलं तो माझा मुलगा, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा रविवार उलटून गेला होता.

झालं असं, की आजोबा जन्मले, छापखान्यात लागले, संसार करून वारले आणि त्यानंतर पदवीधर झाले. मी माझ्या आजोबांचा बाप झालो आणि माझ्याच मुलाचा नातू. (न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात: याला आधार त्याचा, त्याला याचा, आणि दोघंही अधांतरी.) तुम्हीही त्याचे नातू आहात, तेव्हा यापुढे त्याला वाकून नमस्कार करावा लागेल. परवा मी त्याला दिवे बंद करायला सांगितलं तर म्हणाला, “बाबा, आजोबांशी असं बोलतात?”

नाती सोडवता येतात, ती मी सोडवली. पण एकत्र करताना एकाच्याच खालचा मजकूर राहतो, आणि राहिला तो चिरंजीवांचा. आजोबांच्या सगळ्या गोष्टींच्या जागी आता ‘ओला टॉवेल पलंगावर टाकतो’ एवढीच ओळ आहे. (ती मीच एकदा रागाच्या भरात लिहिली होती.) डिस्क पाहिली, इंटरनेट पाहिलं, नातेवाइकांना विचारलं. आयुष्यात प्रथमच सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. सगळीकडे टॉवेल. एकही पाठभेद नाही.

मी आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, आजोबांचं जरा पुन्हा सांगतेस का?

“सांगितलं ना तुला? लिहून घेतलंस ना?”

“घेतलं.”

“मग झालं तर. मला आता सलग आठवत नाही रे. तू लिहून ठेवलंस म्हणून मी निर्धास्त आहे.”

यावर तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. (वर जी पुढे आली होती, तीच.)

वहिनींना नमस्कार. कळावे.

तुमचा,
व्यवस्थित भाऊ

ता. क. तुमचा पेन ड्राइव्ह मी दिला त्या दिवसापासून संपलेल्या सेलांच्या शेजारी ड्रॉवरात पडून आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आजोबांच्या गोष्टी तेव्हाच लिहून झाल्या होत्या. त्या आता जगात फक्त तिथे आहेत. आणि नेमकं काल वहिनींनी कळवलं, की माझ्या बोलण्याची लाज वाटून तुम्ही येत्या रविवारी बसून सगळं अपडेट करणार आहात. आप्पा, पाया पडतो, करू नका. आजवरची माझी सगळी रविवारची प्रवचनं मी मागे घेतो. माझ्या व्यवस्थेत एक तुमचा आळसच टिकाऊ निघाला, आणि तो आपल्या घराण्यात आहे याचा मला अभिमान वाटतो. ड्राइव्ह कशालाही न जोडता, आहे तसा कुरियरने पाठवा.

ता. क. २. आत्ता आत्या समोर चहा पीत बसली आहे. मघाशी म्हणाली, “टॉवेलनंतर काय लिहिलंस? तुझा हात आड येतोय.” मी पेन खाली ठेवून हात बाजूला घेतला. ती म्हणाली, “बाबांसमोर बसून अभ्यास करायचे मी. ते तिकडून माझ्या चुका काढायचे, म्हणून मी इकडून त्यांचा पेपर वाचायला शिकले. हे तुला सांगितलं नव्हतं. घे लिहून.” घेतलं. याची अजून दुसरी प्रत नाही, तेव्हा ड्राइव्हसोबत हे पत्रही परत पाठवा. तुम्हाला आणखी काही कळवायचं का, असं तिला विचारलं. म्हणाली, “हात लावू नकोस म्हणावं. तो लावणार नाहीच, पण तू आपलं लिही.”