मनवा डबा एकटीच खाते

प्रिय मझल,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहिते आहे.

आज माझ्या लेकीच्या, मनवाच्या शाळेत पालकसभा होती. बाई म्हणाल्या, "मैत्रीण पुण्याला गेल्यापासून ही डबा एकटीच खाते."

मला आपली सातवी आठवली. तुम्ही घरचे सगळे कायमचे इस्रायलला गेलात आणि मी कितीतरी दिवस भरलेला डबा घरी परत आणायचे. आईला वाटायचं, भाजी आवडत नाही.

घरी आल्यावर मनवाला ते सगळं सांगितलं. वडाळे तळ्याकाठी आपण चिंचा खात बसायचो, तेही. ती माझ्या कुशीत शिरून खूप रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आई, तुला दुसरी मझल कधी मिळाली?"

"लगेच," मी म्हटलं. ती हसली आणि पोटभर जेवली.

तुला म्हणून सांगते, मी खोटं बोलले.

तुझीच,
दिपिका