लाल फुली

३ जानेवारी

आज वर्गात फुप्फुस फुटलं!

प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, आत दोन फुगे सोडायचे, तळाला तिसरा ताणून बांधायचा. खालचा ओढला की आतले फुगतात. छान चाललं होतं. मग तबलजीने — हा पोरगा सदा बाक बडवत असतो म्हणून तबलजी — "बाई, पळून आलेला माणूस दाखवतो" म्हणत असा काही ओढला की फाट्! मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या. "काय चाललंय इथे?" "श्वसन," मी म्हटलं. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

वीस तारखेला प्रदर्शन. पाचवीचा वर्ग, छत्तीस मुलं, पाच गट. हा धडा मी बावीस वर्षं फळ्यावर शिकवला. यंदा हातांनी शिकवायचा. फळ्याच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवलंय — जे दिसेल तेच लिहा, जे ऐकू येईल तेच लिहा. फार ऐटीत लिहिलं!

४ जानेवारी

पचन. पिशवीत पाव, पाणी, लिंबाचा रस. आणि मुलं आळीपाळीने पिशवी दाबताहेत. दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी — मनातल्या मनात मी तिला शंकासुर म्हणते — बराच वेळ बघत होती. "बाई, आपल्या पोटात असंच होतं?" "हो." "आणि हे माहीत असून आपण परत जेवतो?"

मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गाचे डबे तसेच परत गेले.

६ जानेवारी

मामंजींना दुकान बंद केल्यापासून करमत नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. आता दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची शिवण तपासतात. काल दूधवाल्याला म्हणाले, "ही कॉलर ज्याने लावली, तो अजून मोकळा फिरतोय का रे?"

म्हटलं, यांना कामाला जुंपावं. मुलांना घालायला एक ॲप्रन हवा, त्यावर पोटातले-छातीतले अवयव, काढता-घालता येणारे. पुस्तकातलं चित्र दिलं. चष्मा पुसून पुसून बघितलं त्यांनी. "सूनबाई, जन्मभर माणसांची बाहेरून मापं घेतली. आतून पहिल्यांदाच!"

मशीनवरची चादर वर्षभराने निघाली. बरं वाटलं मला.

९ जानेवारी

ॲप्रन आला! यकृत जुन्या पँटच्या तपकिरी कापडाचं, जठर कोटाच्या गुलाबी अस्तराचं, हृदय लाल मखमलीचं, आत कापूस. ओढलं की कर्रकन निघतं. दिवसभर मुलांनी एकमेकांची यकृतं पळवली. शंकासुरने तर तो ॲप्रन पोटावरून हात फिरवत अख्खा तास घालून ठेवला.

१० जानेवारी

घोटाळा!! सगळं उलटं आहे. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. आणि ते कळलं कुणाला, तर मोठ्या बाईंना. मी मात्र दोन दिवस मिरवत होते.

घरी नेऊन दाखवला तर मामंजींनी आधी कडेची शिवण उसवली, कापड उलटं करून बघितलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. शिंप्याची सवय — खुणा करायच्या त्या कापडाच्या उलट्या बाजूने. सुलटं केलं की डावं ते उजवीकडे जातं. "खिशाचं माझ्या लक्षात असतं गं," म्हणाले, "हृदयाची सवय नाही!" हसून हसून पुरेवाट. दुसरा शिवतो म्हणाले.

पहिला आता वर्गाच्या कपाटात तळाशी कोंबून ठेवणार आहे मी.

१२ जानेवारी

नरसाळं आणि नळी — झाला डॉक्टर तयार! जोड्या करून प्रत्येकाने दुसऱ्याचे ठोके मोजायचे, मग स्वतःचे, आणि कुठल्या बाजूला, किती, ते तक्त्यात लिहायचे. कान लावून बसलेली मुलं इतकी गप्प की शिपाईमामा डोकावून गेले, वर्ग सुटला की काय म्हणून.

शंकासुरच्या ओळीत काय असावं? "डावीकडे जवळजवळ नाही. उजवीकडे छान. मिनिटाला ८८."

"ॲप्रन बघून लिहिलंस ना?"

"नाही बाई. ऐकून लिहिलं."

"अगं, तो ॲप्रन चुकला होता!"

"मला माहितेय. पण तुम्ही ऐका ना एकदा." नरसाळं पुढे केलं तिने. तेवढ्यात घंटा झाली. मी लाल पेनने फुली मारली आणि पुढचा वर्ग गाठला.

१३ जानेवारी

वर्गात तिला "बिनहृदयाची" म्हणायला लागलेत. तबलजी तिच्या पाठीवर ठोके वाजवून दाखवतो, "घे, माझे घे!" दोघांनाही रागावले. म्हणजे त्याला चिडवल्याबद्दल, आणि तिला — कशाबद्दल बरं? हट्टाबद्दल असावं.

घरी आल्यावर तो राग मामंजींवर निघाला. "तुमच्या त्या ॲप्रनपायी एक पोरगी हृदय उजवीकडे धरून बसलीय. आता निघता निघत नाही डोक्यातून!" दुसऱ्या ॲप्रनची शिवण चालू होती. मशीन थांबलं. "डोळे दुखताहेत," म्हणाले, आणि चादर घातली.

जीभ आहे की कात्री माझी.

१५ जानेवारी

शंकासुर टेबलापाशी आली. हळूच. "बाई, माझ्या ओळीत डावीकडे लिहू का? गट म्हणतो, माझ्यामुळे आपला तक्ता चुकीचा दिसेल."

"लिही की. शहाणी गं माझी ती!"

रबराने खोडून लिहिलं तिने. पेन्सिलीचं 'उजवीकडे' गेलं. माझी फुली शाईची, ती राहिली. आज दिवसभरात एकही शंका नाही. वर्ग किती शांत वाटला!

१७ जानेवारी

मामंजी चार दिवसांनी माझ्याशी नीट बोलले. तेही जेवताना, ताटाकडे बघत. "त्या पोरीचं तू ऐकून बघितलंस?"

"काय ऐकायचं, मामंजी? हृदय डावीकडेच असतं."

"माझी चूक आहे हे तू नुसतं म्हणालीस तेव्हा मी मान्य नाही केलं. शिवण उसवली, कापड उलटं करून बघितलं, मग म्हटलं चुकलं. तू काय उसवून बघितलंस?"

भाजी वाढू का, विचारलं मी. दुसरं काय करणार?

१८ जानेवारी

बघते उद्या. एकदा कान लावते, म्हणजे विषय संपेल.

१९ जानेवारी

पताका, खुर्च्या, पाहुण्यांचं पाणी, मोठ्या बाईंचं भाषण लिहून देणं. तिने नाही विचारलं, मीही नाही. सकाळी पिशवीत घडी घातलेला नवा ॲप्रन सापडला. सुलटा. कधी शिवला मामंजींनी, देव जाणे!

२० जानेवारी

प्रदर्शन झालं. 

सुरुवात झकास. सात मीटरच्या दोरीचं आतडं व्हरांड्यातून गेलं आणि मोठ्या बाई त्यात अडकल्या — "आतड्यात पाय अडकलेली पहिली बाई मीच!" त्या स्वतः म्हणाल्या, खरंच! फुप्फुसाने दम धरला, फुटलं नाही.

ठोक्यांच्या टेबलावर तबलजी नमुना म्हणून बसायचा होता. पण पळून पळून त्याचा श्वासच येईना ठिकाणावर. गटाने शंकासुरला खुर्चीत बसवलं. समोर पाहुण्या आल्या त्या नेमक्या मुलांच्या डॉक्टर — तिसरीतल्या एका मुलाची आई. कौतुकाने नरसाळं घेतलं, डावीकडे लावलं. हलवलं. परत लावलं.

"उजवीकडे लावा," शंकासुर म्हणाली. इतक्या हळू की टेबलाजवळ होतो त्यांनाच ऐकू आलं. आणि लगेच माझ्याकडे बघून, "चुकलं, बाई. डावीकडेच."

डॉक्टरबाईंनी उजवीकडे लावलं. चेहरा बदलला त्यांचा. "हिला कुणी तपासलंय का कधी?" प्रदर्शन बघायला आलेली तिची आई घाबरली. कधी आजारीच पडली नाही, न्यायचं कशाला डॉक्टरकडे, म्हणाली. "घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण उद्या दवाखान्यात आणा. छाती-पोटाचा फोटो काढू."

मग मी गुडघे टेकून बसले आणि नरसाळं कानाला लावलं. आठ दिवस उशिरा. डावीकडे कुठे तरी दूर, पुसट. उजवीकडे — धडक धडक, धडक धडक. स्पष्ट. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

काही वाईट निघू नये. एवढंच. बाकी मला काय म्हणायचं ते म्हणा.

२१ जानेवारी

आज ती आली नाही. तिच्या बाकाकडे बघत तीन वेळा भागाकार चुकवला.

२२ जानेवारी

फोटो आला. ठणठणीत आहे! जन्मापासूनच तशी — हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, जठर उजवीकडे. काही औषध नाही, काही धोका नाही. हजारोंत एखादं असतं, डॉक्टरबाई म्हणाल्या.

कपाटाच्या तळातून पहिला ॲप्रन काढला. तिला घातला. एकूण एक अवयव जागच्या जागी! घरी सांगितलं तर मामंजींनी मशीनवरची चादर काढून घडी घातली आणि फळीवर टाकली. "माप बरोबर होतं तर. गिऱ्हाईक यायला उशीर झाला."

त्याआधी, शाळेतच, वर्गासमोर मी तक्ता खाली घेतला. चूक कुणाची ते सांगितलं. तिने पेन्सिलीने पुन्हा लिहिलं — उजवीकडे. मी फुलीवर पांढरा कागद चिकटवायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"राहू द्या, बाई. नाहीतर पुढच्या वर्षी विसराल."