पांढऱ्या कानाला ऊन खातं

भोर,
पौष वद्य दशमी, शके १८५७

प्रिय ठकू,

काल आपल्या धनगरवाड्यावरची अंबूबाई तुपाचं मडकं घेऊन बाजाराला आली आणि आधी माझ्या खोलीवर येऊन टेकली. म्हणाली, हैबती, मामा झालास, तोंड गोड कर. मी फळीवरचा गुळाचा डबा काढत होतो, तेवढ्यात तिनं आवाज खाली आणून सांगितलं, की पोरगी तुझ्यावानी हाय. दुधावानी अंग, तागावानी केस, आणि दारात आणली की डोळं गच मिटून घेती. गूळ माझ्या हातातच राहिला बघ. तीन महिने झाले ठकू, आणि तू सख्ख्या भावाला कळवलं नाहीस! दादाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस ना? अगं वेडे, वाईट कशाचं वाटायचं, तुझी लेक ती माझीच. पण तिनं पुढं सांगितलं ते असं.

आत्या सूर्यनारायणाला नवस बोलली आहे म्हणे. रथसप्तमीला पोरीला तेल चोळून वाड्यापुढच्या कातळावर उघडी निजवायची, ऊन माथ्यावर येईपर्यंत, आणि तिथून पुढं सव्वा महिना रोज. म्हणजे अंगाला रंग धरेल. आणि तुझी ही सासू अंबूबाईला वर काय म्हणाली ठाऊक आहे? हैबतीच्या वारी माजं मन कच्चं पडलं, पोर रडाया लागलं की उचलायची, म्हणून त्याचा रंग अर्धाच ऱ्हायला, हिच्या वारी न्हाई उचलायची. रथसप्तमीला आजपासून बारा दिवस उरले. अंबूबाई उद्या पहाटे परत निघणार, म्हणून कचेरीत न जाता हे लिहायला बसलो आहे. तुझ्या धन्याला, म्हादूला, वाचायला सांग. आत्या चुलीपाशी असेल तेव्हाच वाचायला सांग, म्हणजे तिच्याही कानावर पडेल. म्हादू, लेका, पावसाळ्यात वाड्यात कोंडून बसलो की तुला मी राखेवर अक्षरं गिरवायला लावायचो, तुला भारी कंटाळा यायचा. आज ती अक्षरं कामाला येऊ देत. अडशील तिथं थांब, पण एक ओळ गाळू नकोस.

ठकू, आई तुझ्या वेळच्या बाळंतपणात गेली, आबा एकटे पडले, आत्यानं आपल्या दोघांना पदराखाली घेतलं, पुढं तुला सूनही करून घेतली. तिच्यावर माझा राग नाही. मला कातळावर निजवायची ती गोष्ट तिनंच मला शंभरदा हसून सांगितली आहे. संध्याकाळी म्हणे माझ्या पाठीचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यागत निघायचं, आणि ती म्हणायची, जुनं चाललंय, आता नवं सावळं येईल. नवं आलं ते आणखी पांढरं. मग पोरं मला साहेब म्हणायला लागली. मेंढरांमागं गेलो की दुपारी डोळ्यांतून पाण्याच्या धारा, समोरचं मेंढरू की दगड ते कळायचं नाही. शेवटी आबांनी कंटाळून वेल्ह्याला मास्तरांच्या पायावर घातलं, की हे राखणीच्या कामाचं न्हाई, काय शिकतंय का बघा. शिकलो, नक्कलनवीस झालो, धनगराचं पोरगं संस्थानच्या कचेरीत गादीवर बसलं. सगळे म्हणाले, पांढरा रंग फळला. मलाही तसंच वाटायचं गं.

तुला आपल्या कळपातलं ते पांढऱ्या कानाचं कोकरू आठवतं का? सगळी मेंढरं काळी, आणि त्याचे दोन कान नि नाकाचा शेंडा तेवढा पांढरा. आबा रोज सकाळी चिमणीची काजळी करंजेलात कालवून त्याच्या कानांना फासायचे, आणि तू हसायचीस, की कोकराला काजळ घालत्यात. पुढच्या साली तसंच दुसरं झालं, ते आत्याकडच्या कळपात. त्याला कुणी फासलं नाही. त्याच्या कानाला आधी खपली धरली, मग कान चिघळत गेला, मग माश्या बसायला लागल्या. आबांनी कोयत्यानं अर्धा कान उतरवला, तरी ते जगलं नाही. पाय मी धरले होते. आबा तेव्हा आत्याला रागानं बोलले होते, की सोजरे, पांढऱ्या कानाला ऊन खातं, येवढं तुला कळू नये? मी तिथंच बसलो होतो ठकू, माझे दोन्ही कान पांढरे. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आत्यानं पाहिलं नाही, आणि खरं सांगू, माझंही ध्यान गेलं नाही. कोकराचं कळलं, लेकराचं कुणालाच कळलं नाही.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. तीन वर्षं मी दिवाळीला आलो नाही, कचेरीत काम आहे म्हणून निरोप धाडत राहिलो. सगळं खोटं. त्याआधी शेवटचा आलो तेव्हा पटक्याचा शेव गालावरून घेऊन बसलो होतो, आणि दाढ सुजली म्हणून तुझी भाकरीसुद्धा मी अंधारात तोंड फिरवून खाल्ली. दाढ चांगली होती. उजव्या कानाच्या वरच्या कडेला डाळीएवढी खपली धरली होती. काढली की रक्त यायचं, आठ दिवसांनी पुन्हा धरायची. आपल्या माणसांना ठाऊक ते केलं. आधी बिब्बा घातला. मग एकाकडून डाग देऊन घेतला, लोखंड लाल करून, दोनदा. त्यात वर्ष गेलं. आज तो कान अर्धा उरला आहे. गालापर्यंत उघडं मांस आहे. वास येतो म्हणून शेजारच्या कारकुनानं आपलं बसायचं दुसऱ्या खिडकीशी नेलं, आणि त्याला तरी काय बोलणार? मानेत सुपारीएवढी गाठ आली आहे.

पुण्याला दोनदा जाऊन आलो. डॉक्टर मोठा माणूस, पण मराठीत नीट समजावून सांगितलं. म्हणाले, कातड्यात रंग असतो तो उन्हाला अडवतो, तुझ्यात तो जन्मापासूनच नाही, कितीही भाजलं तरी तो येणार नाही, आणि तीस वर्षं तू उघड्यावर हिंडलास. ह्याला कर्करोग म्हणतात. खपली होती तेव्हा आला असतास तर नखाएवढं कापून मोकळा केला असता. बिब्ब्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आता अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी कान आणि गाल कापणार आहेत. गाठीचं विचारलं तर म्हणाले, बघू. डॉक्टरचं बघू म्हणजे काय ते एकतीस वर्षांच्या माणसाला समजतं.

मला मरायची भीती वाटते ठकू, लई वाटते. पण काल रात्रभर डोळ्यांसमोर माझं मरण आलं नाही, तुझी पोर कातळावर रडताना दिसली.

तेव्हा हात जोडून सांगतो. तिला उन्हात काढू नकोस. सकाळी कोवळं आहे तोवर आणि मग ऊन तोरण्याआड गेल्यावर काय हिंडवायचं ते हिंडव, मधल्या वेळात बाहेर नेऊच नकोस. नेणं भागच पडलं तर मनगटापर्यंत बाह्यांचं झबलं आणि वरून घोंगडीची खोळ, कान, मान सगळं झाकलं पाहिजे. अंबूबाईबरोबर मलमाचा डबा धाडला आहे, जस्ताचं आहे, पांढरं, ते नाकाला, ओठाला, कानांना लाव. संपलं तर आबांची काजळी आहेच, लोक हसले तर हसू देत. रोज न्हाऊ घालताना तिचं अंग उजेडात नीट बघत जा, कानामागंसुद्धा. महिन्यात न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा धरणारी खपली दिसली तर बिब्बा नको, डाग नको, भगताचा अंगारा नको, सरळ पुण्याला ने. मोठी झाली की मेंढरांमागं धाडू नकोस, शाळेत घाल. पोरीला कशाला शाळा म्हणतील. म्हणावं, शाळेला छप्पर असतं. आणि म्हादू, लोक तुझ्या कानाला लागतील, पोर साहेबावर गेली म्हणतील. माझ्या आईलाही म्हणाले होते. त्यांच्या मुस्काटात मार आणि घरी ये.

आत्या, आता तुझ्याशी. तू ऐकते आहेस हे मला ठाऊक आहे, आणि मनात म्हणते आहेस की कारकून झाला, देवाला नाही म्हणायला लागला. मी देवाला नाही म्हणत नाही. सूर्यनारायणाला नवस फेडायचाच तर दूध उतू घाल, माझ्या नावानं खिरीचं जेवण घाल, पण त्या लेकराची चामडी देऊ नकोस. तुझं मन कच्चं पडलं, तू मला उचललंस, म्हणून मी एवढी वर्षं तरी जगलो. तुझं चुकलं ते उचललंस ते नव्हे गं. निजवलंस ते चुकलं.

पण मी तुला ओळखतो. कागदावरचं तुला पटायचं नाही. म्हणून खरं मागणं आता मागतो, आणि ह्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. ठकू, आत्याला अमावास्येच्या आत भोरला धाड. म्हादूनं मार्गासनीपर्यंत चालवत आणावं, तिथून दोघांना बैलगाडी मिळेल. मला नेतील त्याच्या आधी तिनं माझ्यासमोर येऊन बसावं. तीन वर्षं हे तोंड मी आपल्या माणसांतल्या कुणाला उघडं दाखवलं नाही, आरसा उलटा करून ठेवला आहे. तिला दाखवीन. पटका सोडून खिडकीपाशी उजेडात बसेन, तिला हवं तितका वेळ बघू दे. म्हादू, ती तोंड फिरवायला लागली तर तिचा हात धर आणि बघायला लाव. त्यानंतरही तिला पोरीला कातळावर ठेवावंसं वाटलं तर मी दुसरं काही बोलणार नाही. ठकू, तुझ्या लेकीला एकदा मांडीवर घ्यावं असं फार वाटतं गं. कुणावर गेली आहे ते अंबूबाईच्या तोंडून कळून काय समाधान? पण तू येऊ नकोस, तिला आणू नकोस. वाटेवर दिवसभर ऊन असतं.

तुझाच,
हैबतीदादा